दोनशे पौंडांचा पाहुणा

चारुदत्तने आधी कॅम्पर घेतला आणि मग तो वाहायला पिकअप शोधायला निघाला. आधी कळस, मग पाया! अमेरिकेत, चँडलर गावी, कॉम्प्युटरच्या चिप्स डिझाइन करणारा हुशार माणूस, पण हौसेपुढे अक्कल गहाण. कॅम्पर म्हणजे पिकअपच्या पाठीवर बसवायची अख्खी खोलीच. आत ओटा, संडास आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर येणारा झोपायचा माळा.

तो विकला शेजारच्या मेसा गावातल्या एका विधवा आजींनी. "माझा वॉल्टर याच माळ्यावर गेला, झोपेत," त्या म्हणाल्या. "दोनशे पौंडांचा धिप्पाड गडी. याच्याशिवाय त्याला कुठे करमायचंच नाही." चारुदत्तची बायको आसावरी हळवी. निघताना तिनं आजींना "या हं आमच्याकडे" म्हटलं, आणि त्याच ओघात रिकाम्या कॅम्परकडे बघून, "आजोबा, तुम्हीपण या." तेही इंग्रजीत! अहो, आपल्याकडे 'या' म्हटलं म्हणून कुणी लगेच पिशवी भरून दारात उभं राहत नाही. अमेरिकन माणसाला हे कोण सांगणार?

मित्राची, एकनाथची, मागे चार चाकं असलेली दांडगी पिकअप त्यांनी दोन दिवसांपुरती मागून आणली होती. येताना चारुदत्तने ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं. कॅम्परच्या लेबलावर एकवीसशे पौंड, काट्यावर पिकअपचं वजन वजा करून तेवीसशे! त्यानं पाण्याची टाकी रिकामी केली, कपाटं उघडून पाहिली, गाडी परत काट्यावर चढवली. तेवीसशेच. आसावरी माळ्यावर डोकावली. गादी मधोमध दबली होती, माणसाच्या अंगाएवढी.

"अरे, मीच बोलावलं त्यांना," ती कुजबुजली.

"वेडी आहेस का? काटा खराब असेल यार." पण त्याचाही आवाज उतरला होता.

पाहुण्याला 'जा' कसं म्हणायचं? आसावरीनं रीतसर निरोप द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कॅम्परच्या दारात कॉफीचा मग ठेवला आणि बशीत चमचाभर दही. घरातून कुणीही प्रवासाला निघालं की तिची आई हातावर दही घालायची, तेच. "आजोबा, जपून जा," म्हणत तिनं हात जोडले. तासाभरानं बशी चाटूनपुसून लख्ख. गादी फुगून वर आलेली. चारुदत्त गाडी घेऊन परत काट्यावर गेला. एकवीसशे, बरोब्बर!

सुटलो बुवा, असं वाटलं दोघांना.

"तरी एकनाथसारखीच दणकट घे ना," आसावरी म्हणाली. "आपल्या सावनीला घेऊन डोंगरात जायचंय."

"आकडा बसतोय ना आता? मग उगाच हत्ती कशाला पोसायचा?" असं म्हणून त्यानं मागे दोनच चाकांची पिकअप निवडली. कॅम्पर, तो, आसावरी आणि सहा वर्षांची सावनी, एवढं वजन ती जेमतेम पेलत होती. वर एक पोतंही चाललं नसतं.

ते डोंगरातल्या पेसनला गेले, पाइनच्या झाडांत दोन दिवस मजेत राहिले. परत निघताना आसावरीनं सवयीनं तिघांच्या हातावर दही घातलं. गाडी घाटाच्या उताराला लागली तरी सावनी बोटं चाटत होती.

"मॉम, व्हाय डू वी डू द योगर्ट थिंग?"

"अगं, गेलेलं माणूस सुखरूप परत यावं ना, म्हणून..." म्हणता म्हणता आसावरीनं मागे कॅम्परकडे वळून पाहिलं. देवा! निरोप कसला, मी तर त्यांना परत यायला सांगितलं.

"चारू, गाडी थांबव."

तेवढ्यात मागच्या दारातून कुणी चढावं तसं गाडीचं बूड दणकन खाली बसलं. नाक वर उचललं, स्टीअरिंग हातात हलकं झालं. चारुदत्तने ब्रेक दाबला. जळकट वास आला, गाडीचा वेग मात्र वाढतच गेला.

"थांब म्हणते ना!"

"दाबलाय! पूर्ण दाबलाय!"

सावनी वर बघायला लागली. त्यांच्या डोक्यावर, माळ्यावरच्या गादीत, कुणीतरी सावकाश कूस बदलली.

रस्त्याकडेची उताराचा इशारा देणारी पिवळी पाटी मागे पडली. उतार अजून सहा मैल होता.