सोमवारची भोवळ

सकाळचे साडेसात वाजले होते आणि अमृतरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बाया पुढे, पुरुष मागे, आणि क्लासला निघालेल्या पोरी पाठीवरच्या सॅकसकट गेटला लटकलेल्या. मधोमध सतरंजीवर सोळा वर्षांची शिवानी ओल्या केसांनी निपचित पडली होती. अंगाभोवती चादर गुंडाळलेली. उशाशी भस्मानंद महाराज डोळे मिटून बसले होते.

"मागं सरा! पोरीभोवती घोळका करू नका! शक्ती उतरून राहिली हाय!" महाराज गरजले. दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ हदगावच्या बाजारात पोटदुखीचं चूर्ण विकत होते, तेव्हाही आवाज असाच खणखणीत होता.

त्यांनी चिमूटभर भस्म शिवानीच्या कपाळाला लावलं आणि काहीतरी पुटपुटत बसले. पाच-सात मिनिटांनी पोरीने डोळे उघडले.

"आई, डोकं लई ठणकायलंय," ती म्हणाली.

ते ऐकायची शुद्ध कुणाला होती? 'हर हर महादेव'चा गजर झाला, नारळ फुटले, आणि बाया महाराजांच्या पायावर पडायला लागल्या. त्यांत सगळ्यात पुढे शिवानीची आई होती. सुकन्या.

तिला नावं ठेवणं सोपं आहे. अहमदपूरला तिच्या नवऱ्याचं, शिवप्रसादचं, भांड्यांचं दुकान. लेकीला डॉक्टर करायचं म्हणून मायलेकी जूनपासून लातुरात अमृतरावांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होत्या. थंडी पडली तसा अमृतरावांनी मोठ्या कौतुकाने बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवून दिला. त्यानंतर तीन सोमवार झाले, तिन्ही सोमवारी शिवानी आंघोळीतच कोसळली होती. बाकीच्या दिवशी ठणठणीत. एका डॉक्टरने अशक्तपणा सांगून गोळ्या दिल्या, पण सोमवार काही चुकला नाही. सोमवार शंकराचा, घरात रोजची लिंगपूजा, तेव्हा हे साधंसुधं नाही असं गल्लीने ठरवून टाकलं. परक्या गावात एकट्या पडलेल्या बाईने मग कुणाचं ऐकावं?

"शक्ती येती, पण फटीतून निसटती," महाराजांनी निकाल दिला. "तिला कोंडली पायजे. पुढल्या सोमवारी पोर आत गेली की दाराच्या साऱ्या फटी बाहेरून बुजवा. पाच माळा जप होईस्तोवर दार उघडायचं न्हाई. मधीच उघडलं, तर शक्ती पोरीला घिऊन जाईल. मग माझ्याकडं रडत येऊ नका."

सुकन्याने महाराजांच्या पायाला हात लावून ते कबूल केलं.

चौथा सोमवार उजाडला. शिवानी अंगणात उघडणाऱ्या बाथरूमच्या दारात अडून उभी राहिली.

"आई, नको ना बुजवू. मला आत गुदमरतं."

"आजच्या दिवस, बाळा. एवढं झालं की सुटलीस तू."

पोर आत गेली. गिझर भक्कन पेटल्याचा आवाज आला, पाण्याची धार सुरू झाली. सुकन्याने जुनं लुगडं फाडून दाराखाली कोंबलं, बाजूच्या फटींत चिंध्या दाबल्या. वर बोटभर जागा दिसत होती, तीही स्टुलावर चढून बंद केली. अंगणात महाराजांनी माळ हातात घेतली आणि शंभर माणसं त्यांच्यामागे जप करायला लागली.

दुसरी माळ संपता संपता आत काहीतरी धपकन पडलं.

"शिवानी!" सुकन्या दाराकडे झेपावली. महाराज आडवे आले. "खबरदार! तीन माळा राह्यल्यात. पोर पायजे का न्हाई?"

पोर पाहिजे होती, म्हणून तर ती थांबली. दाराला कान लावून ती उभी राहिली. आत पाणी वाहत होतं, गिझर घुमत होता, पोरीचा आवाज मात्र नव्हता. सुकन्या ओठांनी जप करत होती आणि मनात महादेवाला म्हणत होती, मला ने, पण तिला सोड. तिसरी माळ इतकी लांब होती की ती संपणारच नाही असं तिला वाटलं.

त्याच वेळी वरची खोली भाड्याने बघायला एक नर्स आली होती. पंचशीला तिचं नाव. तिची जिना उतरता उतरता घरमालकाशी चौकशी चालली होती.

"बाथरूमला खिडकी कुठं हाय, काका?"

"होती की," अमृतराव म्हणाले. "मागच्या अंगाला खोल्या काढल्या, तवा खालची-वरची दोन्ही बुजवून टाकल्या. आतमधी गिझर दिलाय की, आता खिडकीचं काय काम?"

पंचशीला जागीच थबकली. खाली जपाचा गलका, चिंध्या कोंबलेलं दार आणि त्याला चिकटून उभी असलेली ती बाई तिने पाहिली.

"आत कोण हाय?"

"माझी लेक," सुकन्याला एवढंच बोलता आलं.

पंचशीलाने महाराजांना बाजूला ढकललं, दार लाथेने उघडलं, श्वास रोखून आत शिरली आणि गिझर बंद केला. दोघींनी मिळून शिवानीला ओढत अंगणात आणलं. सुकन्याने तिच्यावर चादर टाकली. महाराजांनी भस्म लावलं, पुन्हा लावलं, तोंडाने फुंकलं. या वेळी डोळे उघडले नाहीत. सुकन्याने फोडलेला टाहो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. रिक्षा येईपर्यंत महाराज गर्दीतून कधी सटकले ते कुणाला कळलं नाही.

शिवानी दोन दिवस ऑक्सिजनवर बेशुद्ध होती. आयसीयूच्या बाहेर फरशीवर बसलेल्या सुकन्याजवळ पंचशीला येऊन टेकली.

"ताई, एरवी आंघोळीला तिला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं. क्लास असतो ना."

"अन् सोमवारी?"

"पूजेसाठी डोक्यावरून न्हाती. केस लांब हायेत, अर्धा तास तर..." सुकन्या बोलता बोलता थांबली.

"गिझर पेटला की खोलीतली हवा खातो," पंचशीला हळू आवाजात सांगू लागली. "नवी हवा यायला वाट न्हाई, अन् धूर बाहेर न्यायला पाइप न्हाई. मग गॅस नीट जळत न्हाई, कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास न्हाई, रंग न्हाई. रक्तातली प्राणवायूची जागा तोच धरून बसतो. पाच मिनिटांत कळत न्हाई, अर्ध्या तासात माणूस कोसळतो."

"मग भस्मानं उठायची कशी?"

"भस्मानं कुठं? तुम्ही तिला उघड्यावर आणत होता. मोकळ्या हवेनं उठायची. भस्म त्या हवेवर मोठं झालं."

सुकन्या आपल्या हातांकडे बघत राहिली. याच हातांनी तिने चिंध्या दाबल्या होत्या. 

तिसऱ्या दिवशी शिवानीने डोळे उघडले. जीव वाचला, पण हात थरथरत होते आणि शिकलेलं आठवताना ती मधेच हरवायची. हळूहळू सुधारेल, डॉक्टर म्हणाले, पण पूर्ण सुधारेल की नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी अमृतरावांच्या अंगणात गर्दी पुन्हा जमली आणि महाराजही निर्लज्जपणे हजर झाले. "बघा, माझ्या जपानं पोर मरणाच्या दारातून परत आली!"

"मग तुम्ही बसा आत," सुकन्याबरोबर आलेली पंचशीला म्हणाली. "गिझर चालू, दार बंद, फटी बुजवून. अर्धा तास. भस्म सोबत घ्या."

महाराजांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दी त्यांच्याकडे पाहत होती. "शक्ती बाप्याला धरत न्हाई," असं काहीबाही बोलत त्यांनी झोळी उचलली आणि गेट गाठलं.

"बसला असता तरी मी बसू दिलं नसतं," पंचशीला म्हणाली. "कुणाचाच जीव स्वस्त न्हाई."

अमृतराव पायरीवर मान खाली घालून उभे होते. "बुजवलेली खिडकी उद्याच फोडतो, गिझर बाहेरच्या भिंतीला लावतो," ते म्हणाले. सुकन्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती बायांसमोर जाऊन उभी राहिली.

"इथं बहुतेक सगळ्याच भाड्यानं राहतो. मालक काय म्हणंल म्हणून आपण भिंतीला खिळा ठोकत न्हाई, खिडकीचं तर विचारतच न्हाई. विचारा. ऐकत नसंल तर खोली सोडा, दुसरी मिळती. तवर गिझर बंद ठेवा, पाणी चुलीवर तापवा. कुणी आत पडलं, तर दार उघडा, गॅस बंद करा, उघड्यावर आणा अन् सरळ दवाखाना गाठा." तिने बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं. "माझी पोर सांगत होती, आई, मला गुदमरतं. मी महाराजाचं ऐकलं, तिचं न्हाई ऐकलं. तुम्ही तसं करू नका. तुम्ही आपल्या लेकरांचं ऐका."