चाल कुणाची, बेंजोला विचारा

मी बेंजो बोलतोय. जरा घाईतच बोलतोय, कारण माझा आवाज कधी बंद होईल याचा नेम नाही. तारा माझ्या ठणठणीत आहेत हो. पण पेणमधला एक माणूस फोनवर बोट ठेवील आणि मी मुका होईन. तोवर जे सांगायचं ते सांगून घेतो.

मला कधी पाहिलं नसेल तर ऐका. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. वायर स्पीकरला जोडली की माझा आवाज खाडीपलीकडे जातो. पूर्वी आमच्या भागात हळद असो की वरात, माझ्याशिवाय कुणाचा पाय उचलत नसे. बढाई वाटेल, पण खोटं नाही.

जन्म पेणचा. एका सुताराने मला घडवलं आणि शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातला उरलेला गुलाबी रंग अंगाला फासला. कडेने सोनेरी रेघ. त्या रेघेचा मला अजून तोरा आहे. केरूने मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर घेऊन निडीजवळच्या कातकरी वाडीवर आणलं. दिवसा तो मजुरीला जायचा, संध्याकाळी अंगणात मला घेऊन बसायचा.

माझी जी चाल पुढे गाजली, ती केरूच्या बायकोची, आवडीची. भात लावताना ती गायची. तिला नीट बसवून गा म्हटलं तर घसा धरायचा. वाकून चिखलात हात घातला की गळा आपोआप सुटायचा. केरू ती चाल माझ्या बटणांवर शोधायचा. चुकला की चुलीपासून ती ओरडायची, "वर ने रं, वर! खाली कशाला लोलतोस?" किती दिवस असं चाललं, पण शेवटी सापडली.

रोह्याच्या बाजारात महमूदभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. मोठ्या कंपन्यांना आमच्या हळदीच्या गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून महमूदभाई स्वतःच कॅसेटी काढायचे. दुकानाच्या माळ्यावर गाद्या टांगून त्यांनी आमचं गाणं भरलं. खाली रिक्षाने हॉर्न वाजवला की हात वर करून थांबवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. कव्हरवर माझा फोटो आणि वर 'केरू बेंजो पार्टी'. गायली आवडी, पण तिचं नाव कुठेच नव्हतं. लपवलं असं नाही. ते छापावं हे कुणाला सुचलंच नाही.

ती कॅसेट पेणपासून रोह्यापर्यंत वाजली. मग लोकांची आवड बदलली. आधी त्यांना गाणं अख्खं लागायचं, नंतर नुसता ठेका पुरे झाला. मग डीजे आला. पोरं हात वर करून धडाम व्हायची वाट बघत उभी राहायची आणि धडाम झालं की नाचायची. मला ते बघून हसू यायचं आणि रागही यायचा. महमूदभाई आखातात गेले, दुकानात मोबाइलची कव्हरं आली आणि मी केरूच्या घरच्या माळ्यावर खताच्या पिशव्यांखाली गेलो.

मला खाली काढलं प्रदीपने. केरूचा हा मोठा मुलगा, धाटावच्या केमिकल कंपनीत कंत्राटावर कामाला. बापाची बोटं आता आखडलीत. प्रदीपची मात्र पाण्यासारखी चालतात. शिफ्टवरून आला की अंगाचा केमिकलचा वास जायच्या आत तो मला हातात घ्यायचा. त्याला यातच राहायचं होतं. नोकरी सोडून वाजवायचं होतं.

आणि एक दिवस त्याच्या फोनमधून आमची चाल ऐकू आली! मी वाजत नव्हतो, आवडी गात नव्हती. कीबोर्डवर वाजवलेली चाल, भलताच आवाज आणि मधे मधे आरोळी, "रवीचा ठोकाऽ!" पेणच्या रवीची म्युझिक कंपनी. गाणं जोरात चाललेलं. वनिताने, म्हणजे प्रदीपच्या बायकोने, सासूसासऱ्यांचा तीच चाल गाता-वाजवतानाचा अंगणातला व्हिडिओ काढून नेटवर टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज गेला. ही चाल आमची, असा रवीच्या कंपनीचा क्लेम होता. आवडी स्वतःचं तोंड हलताना बघत होती. "माझाच आवाज गेला गो," एवढंच म्हणाली. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की बोलायची सोय नाही.

पण ऐकणारी माणसं विसरली नव्हती. रवीच्या गाण्याखाली जुन्या लोकांनी लिहायला सुरुवात केली: ही तर केरूची चाल, बेंजो कुठाय? तरुण पोरंही जुना बेंजो मागायला लागली. त्यामुळे रवी हादरला आणि गाडी काढून थेट वाडीवर आला.

दुसऱ्या दिवशी केरूच्या धाकट्या मुलीची, राणीची हळद होती. अंगणात मांडव पडत होता. रवीने केरूला माझ्यावर चाल वाजवायला लावली, वाहवा केली आणि मग मुद्द्यावर आला.

"काका, कागद वगैरे काय नाय. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो सांगायचा. चाल कंपनीच्या नावावर झाली की प्रदीप आमचा. प्रत्येक गाण्यात बेंजो त्याचाच."

प्रदीपचे डोळे चमकले. आवडी हळद वाटता वाटता थांबली.

"उद्या राणीच्या हळदीला मी म्हनू का नाय?"

"म्हणा की मावशी, अडवतंय कोण? फक्त नेटवर टाकायचं नाय. आनि बाहेरची सुपारी घेऊन ती चाल वाजवायची तर आधी आमाला इचारायचं."

"आमची चाल वाजवायला तुला इचारू?"

"आये, तू गप गो," प्रदीप म्हणाला. "जलमभर केमिकल हुंगू का मी?"

आवडीने पाट्यावरची हळद गोळा केली. मुलाचंही खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. म्हणूनच माझ्या तारा ताणल्या गेल्या होत्या.

फोन वाजला. केरूला वाचता येत नाही. त्याने तो वनिताकडे दिला. "वाच गो."

वनिताने पाहिलं आणि फोन छातीशी धरला.

"वहिनी, पटकन. टाइम जाईल," रवी म्हणाला.

"वाच ना!" प्रदीप ओरडला.

मी केरूच्या मांडीवर होतो. त्याचं बोट माझ्या एका बटणावर रुतलं होतं. तार छेडलेली नव्हती, नुसतं दाबून धरलेलं. इतक्या वर्षांत त्याने मला असं कधी दाबलं नव्हतं. मांडववाल्यांनीही दोर सोडून कान इकडे लावले.

"थांब," केरू म्हणाला. "ज्याची चाल त्यालाच कंपनी इचारते ना? मंग माझ्या फोनवर कशाला आलाय?"

"बा, कॅसेटवर तुझंच नाव हाय!"

"नाव महमूदभाईनी छापलं. चाल हिची हाय. मी निस्ती बोटं हिच्या मागनं नेली." त्याने फोनकडे हात केला. "वनिता, तिला दे. सांगायचा का नाय, ती ठरवंल."

आवडीने पिवळे हात पदराला पुसले, पण फोन घेतला नाही. "मला काय वाचता येतंय? काय लिवलंय त्यात, सगला वाच. आकडा सोडून."

वनिताने वाचलं. शेवटची ओळ तिने सावकाश वाचली. "हा क्रमांक कोणालाही सांगू नका."

"कोनालाच नाय?"

"कोनालाच नाय, आये."

"मंग नको सांगू," आवडी म्हणाली आणि परत हळद वाटायला लागली.

रवी समजावत राहिला, तोवर ओटीपीची वेळ संपून गेली. जाताना तो प्रदीपला म्हणाला, "गानं आधीच आमच्या नावानं चढलंय. आता ही चाल कुठं पन टाका. आवाज बंद केला नाय तर नाव सांगनार नाय." प्रदीप आईकडे न बघता मोटरसायकल काढून शिफ्टला गेला. मला कुणी उचलूनही ठेवलं नाही. मांडवात एका खुर्चीवर मी तसाच पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली, पाहुणे आले, राणी पाटावर बसली. प्रदीपचा पत्ता नाही. केरूने मला घेतलं, पण बोटं अडकायला लागली. मागून गडब गावाहून आलेली पाहुण्यांची पोरं ओरडली, "आबा, राव द्या! डीजे लावा!" केरूची नखी खाली पडली. मला वाटलं, संपलं सगळं.

ती नखी उचलली प्रदीपने. अंगावर कंपनीचा गणवेश तसाच. त्याने मला मांडीवर ओढलं आणि चाल सुरू केली, वर, वर, जशी आवडीला हवी तशी. रागाने वाजवत होता. माझी सोनेरी रेघ थरथरत होती. पण एक सूर चुकला नाही. आवडी कमरेत वाकली, हळदीच्या ताटात हात घातला आणि तिचा गळा सुटला.

केरूने माइक हातात घेतला. पूर्वी तो ओरडायचा, "केरू बेंजो पार्टीऽ!" आता म्हणाला, "गानारी, आवडी! चाल बी तिचीच!" बायका हसल्या, मग नाचायला लागल्या. गडबची पोरंही धडामची वाट न बघता नाचली. कितीतरी फोन वर होते. सगळ्यांनी व्हिडिओ टाकले.

आता ते व्हिडिओ एकेक करून मुके होत चाललेत. रवी बसलाय मोजून बंद करत. प्रदीप पुन्हा धाटावला जातो. आईशी अजून कमी बोलतो, पण संध्याकाळी मला हातात घेतो. बाहेरची सुपारी आली तर काय होईल, ठाऊक नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

तुमच्याकडे एक मागणं आहे. फोनमध्ये तुम्हाला एक गुलाबी बेंजो दिसेल आणि आवाज येणार नाही. तो व्हिडिओ पुढे ढकलू नका. हळदीच्या ताटाशी एक बाई वाकलेली असेल आणि तिच्याभोवती बायका नाचत असतील. त्यांच्या पायांकडे बघा. ती चाल तिथे आहे.