वय सांगितल्यावर

उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मॅडमनी आधी कानाडोळाच केला. पार्लर सुरू केल्यापासून तो हात बायकांचे केस कापत आला होता, थोडी कुरकूर करणारच. पण एके दिवशी खुर्चीतल्या बाईच्या मानेजवळ कात्री बोटांतून निसटली. बाईला काही लागलं नाही, तिला कळलंही नाही. मॅडमनी मात्र डॉक्टर शोधायला घेतला.

शोधायचा म्हणजे अगदी पहिल्यापासून. त्यांचे नेहमीचे डॉक्टर दवाखाना बंद करून लेकाकडे राहायला गेले होते. मुलीने तिच्या ओळखीतले एक डॉक्टर सुचवले आणि सोबतही आली.

डॉक्टरांनी वय विचारलं. मॅडम म्हणाल्या, "त्र्याहत्तर." त्यासरशी डॉक्टरांची मान मुलीकडे वळली ती वळलीच.

"आजींची झोप कशी आहे?"

"बरी आहे," मुलगी म्हणाली.

"आणि जेवण?"

"अहो, मी इथेच बसलेय," मॅडम म्हणाल्या. "दुखणं हाताचं आहे. झोपेत बोटं बधिर होतात, कात्री धरवत नाही."

"या वयात कात्री कशाला धरायची, आजी?" डॉक्टर हसले. "आता आराम करायचा. नातवंडांशी खेळायचं."

"नात वकिली करते. तिला विचारून बघते, वेळ आहे का खेळायला."

डॉक्टरांना ते ऐकूच आलं नसावं. त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि कागद मुलीच्या हातात दिला. हाताला त्यांनी हात लावून पाहिला नव्हता. जिन्यात मुलगी म्हणाली, "त्यांचंही काही चुकत नाही गं, आई. किती दिवस उभं राहून काम करणार तू?" मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मुलगी कामावरून अर्धी रजा काढून आली होती, म्हणून त्या पायऱ्या उतरत राहिल्या.

गोळ्या संपल्या, मुंग्या तशाच राहिल्या. मग एका गिऱ्हाइकाने सांगितलेल्या दवाखान्यात त्यांनी फोन केला. पलीकडच्या मुलीने नाव लिहून घेतलं, दुखणं लिहून घेतलं आणि वय ऐकल्यावर जरा थांबली. "सत्तरच्या पुढचे नवीन पेशंट डॉक्टर सध्या घेत नाहीयेत." का, असं विचारलं तर म्हणाली, "त्यांना फार वेळ द्यावा लागतो ना."

त्यानंतर एका बाई डॉक्टरांकडेही जाऊन झालं. बाई आहे, तिला तरी समजेल, अशी मॅडमना आशा होती. ती बाई स्वभावाने गोड होती, पण एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलत होती. "आजी, हा-त दु-ख-तो का?" कान शाबूत आहेत हे मॅडमनी दोनदा सांगून पाहिलं. बाईंनी रक्तदाब घेतला, पाठीवरून हात फिरवला आणि "वयोमानानुसार होतंच" म्हणून त्यांची बोळवण केली.

एव्हाना मॅडमना शर्टाची बटणं लावताना नाकी नऊ येत होते. बारीक कात्रीकामाची गिऱ्हाइकं त्या काही ना काही सबब सांगून परत पाठवत होत्या.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पार्लरचं शटर आतून ओढून घेतलं, वाटीत गडद तपकिरी रंग कालवला आणि डाव्या हाताने ब्रश धरून स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र केसांना लावला. दुसऱ्या दिवशी ओठांना लिपस्टिक लावून त्या एकट्याच चौथ्या डॉक्टरकडे गेल्या. हा तरुण होता.

"वय?"

"अठ्ठावन्न."

त्याने खुर्ची जवळ ओढली. काम काय करता, कुठल्या बोटांना जास्त त्रास होतो, कधीपासून, असं सगळं विचारलं. मनगट वाकवून धरलं, त्यावर बोटाने टिचक्या मारल्या. अंगठ्यापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि मॅडम "आई गं!" म्हणाल्या.

"मनगटात नस दबलेली दिसतेय," तो म्हणाला. "तपासणी करून घेऊ. लागलंच तर छोटं ऑपरेशन. तुमचं हातावरचं काम आहे, उशीर नको."

इतकंच तर हवं होतं. मॅडमचे डोळे भरून आले, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

"औषधं लिहिणार असाल तर खरं सांगते," त्या म्हणाल्या. "मी त्र्याहत्तरची आहे."

पेन थांबलं. त्याने त्यांच्याकडे, मग केसांकडे पाहिलं. "मग... तपासणीची घाई नको करूया. आधी थोडे दिवस पट्टा बांधून बघू. सोबत कोणी आलंय का?"

"कोणी नाही आलं. आणि मगाशी तुम्ही धरलात तोच हात आहे हा. मधल्या मिनिटात त्यातली नस सुटली का?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने तपासणीचा कागद लिहिला. माफी मागितली नाही. पण कागद मॅडमच्याच हातात दिला.

नस चांगलीच दबलेली निघाली. रिपोर्ट पाहून तो म्हणाला, "ऑपरेशनने मुंग्या जातील. पण अंगठ्याखालचा स्नायू सुकलाय. पकड पूर्वीसारखी येईलच असं नाही. जरा लवकर आला असतात तर..."

"आले होते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याआधी दोघांकडे जाऊन आले. आणखी एकाने दारातही उभं केलं नाही."

या वेळी सोबत आलेली मुलगी शेजारीच बसली होती. ती खाली बघत राहिली.

ऑपरेशन झालं. आता मॅडमना रात्री झोप लागते, बटणंही लागतात. केस रंगवणं, धुणं, मशीनने सारखे करणं त्या करतात. बारीक कात्री मात्र हातात धरवत नाही. त्या कामावर त्यांनी पाणी सोडलं. मुलगी एकदा म्हणाली, "आई, निदान मुंग्या तरी गेल्या."

"हो, गेल्या," मॅडम म्हणाल्या आणि इतक्या जोरात टॉवेल झटकला की मुलगी दोन पावलं मागे सरकली.