अंगावरचं

मुरुडचे मल्लिनाथअप्पा पाणी घेईनात. मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, भूल उतरली, डॉक्टरांनी घोटघोट पाणी द्यायला सांगितलं, तरी अप्पांचे ओठ मिटलेले. वॉर्डातल्या पोरींना वाटलं, मळमळत असेल. एकजण हसत म्हणाली, आजोबा रुसलेत, आजीला बोलवा. आजी जाऊन किती वर्षं झाली, हे तिला कुठून ठाऊक असणार?

महादेवी सिस्टर उशाशी येऊन उभी राहिली. अप्पांचा हात छातीवर काहीतरी चाचपत होता. काल त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग, लिंगायतानं जन्मभर अंगावर बाळगायचं, तिनंच काढलं होतं.

चांगली शुश्रूषा कशी असावी, याचे नियम लातूर-नांदेडच्या सिस्टरांनी नांदेडला बसून ठरवले होते. एका दवाखान्यात एक रीत, दुसऱ्यात दुसरी, असं नको म्हणून. कूस कधी बदलायची, दुखतंय का हे कसं विचारायचं, सगळं त्यात आलं. ऑपरेशनआधी दागिने काढून नातेवाइकाच्या हाती द्यायचे, हा नियम महादेवीनं सुचवलेला. एका बाईची नथ हरवली होती तेव्हापासून तो तिच्या मनात होता. अप्पांच्या लिंगाची डबी चांदीची. काल घाईत तिला नुसती चांदी दिसली. अंगठीबरोबर डबीही तिनं पुतण्याला, वीरेशला, दिली आणि तो दोन्ही घेऊन मुरुडला गेला.

अप्पांसारखी तीही लिंगवंत. भस्म लावून, लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात न घेणारी. नवरा गेल्यापासून सबंध दिवसात तेवढाच वेळ तिला कुणीतरी समोर असल्यासारखं वाटे.

“शरणार्थ, अप्पा,” ती वाकून हळू म्हणाली. “वीरेशला फोन केलाय. घेऊन येतोय तो. तवर औषधापुरतं तरी घ्या.”

अप्पांनी डोळे उघडले. तिच्या गणवेशाच्या गळ्याशी लिंगाचा दोरा, शिवदारा, दिसत होता.

“तुझं हाय की तुझ्या गळ्यात,” ते म्हणाले. “माझंच बरं काढलीस, लेकी.”

आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टर सांगून गेले. महादेवी आतल्या खोलीत गेली, स्वतःचं लिंग हातात घेऊन उभी राहिली. पण आपलं लिंग दुसऱ्याला देता येत नाही, आणि दिलं तरी अप्पा घेणार नाहीत. सकाळची पूजा झालेली, तरी तिला जेवणाचा डबा उघडवेना.

दुकानावर कुणी नव्हतं म्हणत वीरेश एकदाचा आला. डबी तिनं हातात घेतली नाही. अप्पांच्याच हातात द्यायला लावली. खाट उशाकडून उचलली, पडदा ओढला, वाटीत पाणी ठेवलं, पर्समधली भस्माची गोळी पुढं केली. अप्पांनी तिच्याकडं न बघता त्यावर बोटं घासली. पूजा झाली आणि ते पाणी प्याले. अर्धं छातीवर सांडलं.

“मी काय करायला पाहिजे होतं, अप्पा?”

“काढावं तर लागतंयच,” ते म्हणाले. “मग माझ्या हातानं काढू द्यायचं. डोळा उघडला की हातात द्यायचं. गावाला कशाला धाडलीस?”

संध्याकाळी तिनं नांदेडला तनुजा मॅडमना फोन लावला. नियमांचं काम त्यांच्याकडं होतं. अप्पांचं सगळं सांगून तिनं नियमात भर घालायला सांगितली. प्रत्येकाचा धर्म लिहीत बसलो तर पोथी होईल, असं त्या म्हणाल्या.

“धर्म नका लिहू, मॅडम. अंगावरचं ज्याचं त्याला त्याच्या हातानं काढू द्यावं आणि जाग येताच परत द्यावं, एवढंच लिहा.”

पुढच्या बैठकीत ठेवते, म्हणून मॅडमनी फोन ठेवला. निघताना महादेवी अप्पांना शरणार्थ म्हणाली. त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या दिवशी लोह्याच्या साखराबाईंना ऑपरेशनला न्यायचं होतं. दंडाला काळा दोरा, मळून घट्ट झालेला. महादेवी शेजारी बसली. तुमच्या हातानं सोडा, जाग आली की मी देते, म्हणाली.

“तू असशील ना पर तवा?” बाईंनी विचारलं.

“असते की.”

तिची पाळी दुपारीच संपली. सोबतच्या पोरी डबे आवरून, एकमेकींना हाका मारत रिक्षाकडं गेल्या. महादेवी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर बसून राहिली, मुठीत दोरा धरून. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. आत मात्र एक बाई जागी झाल्यावर तिला शोधणार होती.