न विचारता नेलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. माझ्यावर एक चित्र आहे, एवढ्यावरून शहाण्या माणसांनी मला नुसते चित्र समजण्याची चूक केली. मित्रांनो, मी आज रागात आहे. माझे बोलणे जरा करकरेल, पण त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

माझा जन्म एका गोदामाच्या मागे झाला. आमच्या घरचा म्हातारा तेव्हा तिथे हमाल होता. फुटक्या पेट्यांच्या सहा फळ्या त्याने मागून आणल्या. रंधा नव्हता, म्हणून काचेच्या तुकड्याने घासल्या आणि मला उभे केले. एका फळीवर ‘जपून हाताळा’ असे छापलेले होते. नेमकी ती बाजू घराच्या आत आली, त्यामुळे बाहेरच्यांनी ते कधी वाचलेच नाही.

आमची वस्ती शहराच्या कडेला आहे. एका ओळीत जंगलातून हुसकावलेल्या आदिवासींची घरे आहेत, समोरच्या ओळीत दलितांची. मी आदिवासींच्या ओळीतला. माझी घरधनीण म्हणजे म्हाताऱ्याची सून. ती वीटभट्टीवर विटा वाहते. नवरा गेल्यापासून घराचा भार तिच्या एकटीवर आहे. कामावरून आली की ती चुना, तांबडी माती आणि कोळसा घेऊन माझ्यासमोर बसायची. तिने माझ्यावर आपले जंगल काढले. झाडे काढली, ओढा काढला, घरे काढली, आणि ती घरे पाडायला आलेले, लांब हात उगारलेले यंत्रही काढले. कडेला मात्र तिने चित्र येऊ दिले नाही. तिथे ती दरवर्षी लेकीला टेकवून उभी करी आणि तिच्या उंचीची रेघ ओढी. अशा अकरा रेघा होत्या. लेक आता परगावी नर्सचे शिक्षण घेते.

थंडी, भटकी कुत्री आणि आगाऊ पाहुणे, या तिघांना मी बावीस वर्षे बाहेर ठेवले. मला कधी कुणी शाबासकी दिली नाही. दरवाजाला शाबासकी लागतही नाही. त्याला बिजागरीला थोडे तेल मिळाले की पुरते.

एके दिवशी दुपारी वस्तीत टेम्पो आला. ‘वंचितांसाठी कला’ नावाचे प्रदर्शन भरवणाऱ्या एक बाईसाहेब त्यातून उतरल्या. घरधनीण भट्टीवर होती. घरात मोतीबिंदूने अधू झालेला म्हातारा एकटाच. बाईसाहेब माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाबा, हे आम्ही नेतो हं. तुमच्याच भल्यासाठी.”

म्हाताऱ्याला वाटले, दुरुस्तीला नेताहेत. त्याने कागदावर अंगठा दिला. त्यांनी त्याला एक चादर दिली आणि ती देतानाचा फोटो काढला. मग मला बिजागऱ्यांवरून उचकटले. मागे घर तोंड वासून उभे राहिले.

एका कारखान्यात माझी ‘तयारी’ झाली. बाईसाहेब म्हणाल्या, “कड फार वाकडी आहे. जरा सरळ करून घ्या.” करवत चालली. लेकीच्या अकराही रेघा चार बोटे रुंदीच्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेल्या. लाकडाला ओरडता येत नाही, हे त्या दिवशी मला फार सलले.

मग मला पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, पिवळ्या दिव्याखाली टांगले. खाली पाटी लागली: ‘अनामिक आदिवासी स्त्री. जुन्या लाकडावर माती आणि चुना.’ अनामिक! तिला नाव आहे, मित्रांनो. रेशनकार्डावर आहे, भट्टीच्या हजेरीवर आहे. कुणी विचारले असते तर तिने ते सांगितले असते.

पाहुणे आले. हातात सरबताचे पेले घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. एक जण म्हणाला, “काय निरागसता आहे! यांना शिकवावंच लागत नाही.” त्याची बायको घरे पाडणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, “अय्या, हत्ती किती गोड काढलाय!” त्यांनी मला विकत घेतले. पाटीवर लाल टिकली चिकटली.

त्या हॉलची झाडलोट करणारी बाई आमच्याच वस्तीतली, समोरच्या दलित ओळीतली. सगळी वस्ती तिला अक्का म्हणते. प्रदर्शन तिच्याच लोकांच्या नावाने भरले होते, पण तिला ताकीद होती: ‘पाहुणे यायच्या आत झाडून घे आणि मागच्या खोलीत बस.’ दुसऱ्या दिवशी सकाळी झाडता झाडता तिने मान वर केली आणि मला पाहिले. “अगं बाई! हे तर समोरचं दार!” केरसुणी तिथेच टाकून ती वस्तीकडे धावली.

तासाभरात दोघी हजर. दारावरच्या वॉचमनने घरधनिणीला अडवले. “मागच्या बाजूनं या.”

“मागनं कशाला? माझं दार तर पुढंच टांगलंय,” असे म्हणत ती सरळ आत आली.

पाहुणे जमू लागले होते. त्यांत मला विकत घेणाराही होता. बाईसाहेब लगबगीने पुढे झाल्या. “अहो, हे विकलं गेलंय. आणि येईल ते सगळं तुमच्याच लोकांना मिळणार आहे.”

“माझ्या लोकांत मला धरलंय का नाही?” घरधनिणीने विचारले. “नऊ दिवस घराला गोणपाट लावलंय. म्हाताऱ्याला उघड्या घरात सोडून कामावर जाता येत नाही. कुत्री पीठ खाऊन गेली.”

“तुमच्या सासऱ्यांनी अंगठा दिलाय.”

“त्यांना दिसत नाही. तुम्हाला तर दिसत होतं ना, घराला एकच दार आहे ते?”

घरधनीण माझ्याजवळ आली. तिची बोटे सवयीने कडेवर गेली आणि थांबली. “माझ्या लेकीच्या रेघा कुठं आहेत?”

“कसल्या रेघा? कड खराब होती, म्हणून कापली.”

ती रडली नाही. मग म्हणाली, “अक्का, ते टोक धर.”

बाईसाहेबांचा आवाज चढला. “अक्का, हात लावलास तर उद्यापासून कामावर येऊ नकोस!”

अक्काने पदर खोचला. “तसंही पाहुणे आले की मला लपायलाच लावता. आता कायमची दिसणार नाही.”

दोघींनी मला भिंतीवरून उतरवले आणि डोक्यावर घेऊन पुढच्या दाराने बाहेर काढले. विकत घेणारा मागून ओरडत राहिला. बाकीचे फोटो काढत राहिले.

पुढे काय झाले ते ऐका. वर्तमानपत्रात प्रदर्शनाची वाहवा छापून आली, शेजारी माझा फोटो. अक्काचे काम सुटले. अजून नवीन मिळालेले नाही. घरधनीण तिच्या घरी रोज अर्धे पीठ पोचवते. मी जागेवर परतलो, पण चार बोटे अरुंद होऊन. त्या फटीला पत्रा ठोकला आहे, तरी थंडी आत येतेच. बावीस वर्षांत जे थंडीला जमले नाही, ते मदत करणाऱ्यांनी करून दाखवले.

मित्रांनो, कुणाचे भले करायला निघालात तर जरूर जा. पण त्यांच्या घरापाशी पोचलात की आधी कडी वाजवा. आपले नाव सांगा, त्यांचे विचारा. आणि आतून ‘या’ असा आवाज येईपर्यंत, कितीही मोठे असलात तरी, बाहेर उभे राहा.