मागच्या डाव्या कोपऱ्यातलं वजन

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. भाजीची नव्हे, दप्तराची नव्हे, पाण्याची. तळ्यातलं पाणी पोटात घ्यायचं, दिवसभर ते तळ्यातच हिंडवायचं आणि संध्याकाळी पुन्हा तळ्यात ओतायचं, हे माझं काम होतं. हसू नका. तुमच्यापैकी पुष्कळजण मोठेपणी कचेरीत बसून हेच करणार आहात.

टेनेसीतल्या एका तळ्यावर रॉडनी प्रुइट नावाच्या गृहस्थाची बोट आहे. बोटीला मागे दोर असतो आणि दोराच्या टोकाला त्याची मुलगी केलिन फळीवर उभी असते. बोट धावली की मागे लाट उठते आणि केलिन त्या लाटेवरून हवेत उडी घेते. लाट मोठी हवी, तर बोटीचा मागचा भाग जड हवा. बाकी जगाला वाटतं, बोट तरंगावी. या लोकांना ती बुडता बुडता राहिलेली लागते. त्यासाठी मी.

माझा जन्म कारखान्यातला. जाड निळ्या कापडाच्या कडा तापवून चिकटवल्या, माझ्यात हवा भरली आणि एका गंभीर चेहऱ्याच्या बाईने माझ्यावर दोनदा उडी मारली. मी फुटले नाही. माझं शिक्षण एवढंच.

माझी जागा बोटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात होती. भरले की मी साडेतीनशे पौंडांची होत असे. पण तेवढ्याने भागत नव्हतं. म्हणून माझ्या पाठीवर पाय ठेवून रॉडनीचा मेव्हणा बसायचा. त्याचं नाव व्हर्लिन. तो तीनशे दहा पौंडांचा होता. शुक्रवारी संध्याकाळी रॉडनी त्याला फोन करून सांगायचा, उद्या वजन घेऊन ये. या विनोदाला सगळ्यात जास्त व्हर्लिनच हसायचा.

व्हर्लिन नळकाम करायचा. आठवड्याचे सहा दिवस लोक त्याच्याशी बोलत ते फक्त तुंबलेल्या मोरीबद्दल. बायको दुसऱ्या राज्यात निघून गेली होती आणि जाताना कुत्रा घेऊन गेली होती. जाताना कुत्र्याने एकदा मागे वळून पाहिलं होतं, हे तो अभिमानाने सांगत असे. त्याच्याकडे उरला होता तो शनिवार, आणि शनिवारी तो कोपरा.

मला तोच भरायचा. पंप बोटीवरून पाण्यात सोडायचा, नळी माझ्या तोंडाला लावायची आणि बारा मिनिटं धरून बसायचं. भरले की माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "झालं पोट? चल, माझंही झालंय." मग केलिन उडायची आणि रॉडनी म्हणायचा, काय लाट आहे! त्यात अर्धी मी होते, अर्धा व्हर्लिन. आमचं नाव कुणी घेत नसे. पण आम्हाला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरने व्हर्लिनला विचारलं, की गोड खाणं ठेवायचंय की पाय? त्याने विचार करायला दोन दिवस मागून घेतले आणि पाय निवडले. मे महिना येईपर्यंत तो साठ पौंडांनी उतरला. जन्मात पहिल्यांदा त्याने मनावर घेतलेलं काही तडीस गेलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने पेढे वाटले असते. त्याने शिकारीचं भलंमोठं जाकीट चढवलं आणि गप्प राहिला. हलक्या व्हर्लिनला शुक्रवारी फोन कोण करणार?

भर उन्हात तो ते जाकीट घालून बसे. हातात बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट असे, आणि पाकिटात गाजराचे तुकडे. कुरकुर आवाज सारखाच येतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. मला लागला. त्याचे पाय माझ्या पाठीवर होते. वजनाच्या बाबतीत मला फसवता येत नाही.

पहिल्याच शनिवारी लाट वीतभर कमी उठली. केलिनची उडी अपुरी पडली आणि ती तोंडावर आपटली. रॉडनीने बोट थांबवली, सरळ मागे आला आणि मला लाथ मारली. म्हणाला, ही पिशवी गळतेय. मला रिकामी करून हवा भरली आणि साबणाच्या पाण्यात बुडवलं. एक बुडबुडा आला नाही. बारीक भोक असेल, त्याने ठरवलं, इतकं बारीक की बुडबुड्यालाही दिसत नसेल. मग त्याने व्हर्लिनला विचारलं, "तुझा तर धंदाच हा. सांग बाबा, गळतेय की नाही?"

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बारा मिनिटं नसेल, पण मला तेवढं वाटलं.

"असेल," तो म्हणाला. "जुनी झालीय."

मित्रांनो, माझ्यावर उड्या मारल्या गेल्या आहेत, मला उन्हात विसरलं गेलं आहे, एकदा तर माझ्यात एक बेडूक आठवडाभर राहून गेला. पण मी कधी गळले नव्हते.

पुढच्या शनिवारी व्हर्लिन जाकिटाच्या खिशांमध्ये चाळीस पौंड शिसं भरून आला. मासे धरायच्या दोरीला बांधतात तसली वजनं. चालताना तो भांड्यांच्या दुकानासारखा वाजत होता. पाण्यात पडला असता तर सरळ तळ गाठला असता. पण उशीर झाला होता. खोकं येऊन पडलं होतं. दोन नव्या पिशव्या, एकेक अडीच व्हर्लिनची. प्रत्येकीला स्वतःचा पंप. बटण दाबलं की आपोआप भरतात, आपोआप रित्या होतात. थाप मारावी लागत नाही.

ते सगळं बोटीत बसवायचं कुणी? अर्थात व्हर्लिनने. घरचाच नळवाला होता. तीन दिवस तो बोटीच्या फळीखाली पाठीवर पडून होता. बोटीच्या तळाला भोकं पाडली, नळ्या ओढल्या, प्रत्येक जोडावर एकाऐवजी दोन पट्ट्या आवळल्या. मला बोटीतून काढून धक्क्याच्या कडेला टाकलं होतं; एक तरी जोड गळावा म्हणून मी तिथे पडल्या पडल्या देवाची करुणा भाकत होते. एकही गळला नाही. त्याचं काम चोख होतं, हीच तर पंचाईत.

मग सुट्टीचा सोमवार आला. तळ्यावर पहाऱ्याची बोट फिरत होती, म्हणून रॉडनीने दहा वर्षांत पहिल्यांदा बोटीवरची पाटी वाचली. बोटीत जास्तीत जास्त किती वजन चालतं ते त्यावर लिहिलेलं असतं. नव्या पिशव्या धरल्या, माणसं धरली, आणि पन्नास पौंड जास्त भरले. त्याने दोनदा बेरीज केली. मग तो टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"तसं तूच सगळं बसवलंस रे," तो व्हर्लिनला म्हणाला, "पण तुझे तीनशे दहा म्हणजे... नंतर फिरवून आणू की तुला एक फेरी."

केलिन फळी हातात धरून उभी होती. "मामा, तुला चालेल ना?" तिने विचारलं.

आता नीट ऐका. रॉडनीने तीनशे दहा धरले होते आणि व्हर्लिन होता अडीचशेचा. ते जाकीट काढून त्याने नुसतं एवढं सांगायचं होतं. तो बसला असता, वर दहा पौंडांची गाजरंही बसली असती. पण मग पुढचं सांगावं लागलं असतं. लाट का खचली, आणि पिशवीवर आळ येत असताना तो काय म्हणाला, तेही.

"नियम तो नियम," व्हर्लिन म्हणाला. "जा पोरी. मी बघतो इथून."

बोट गेली. लाट अशी उठली की तशी मी पाहिली नव्हती. केलिन इतकी उंच उडाली की बोटीतून रॉडनीची शीळ धक्क्यापर्यंत ऐकू आली. व्हर्लिन माझ्या शेजारी येऊन बसला. लाट पसरत पसरत आमच्यापर्यंत आली आणि तरंगता धक्का वीतभर वर उचलला गेला. "मस्त उठतेय," तो म्हणाला. माझ्याशी बोलला असेल. दुसरं कुणी नव्हतं. मग त्याने खिशांतून शिशाचे तुकडे एकेक करून काढले आणि माझ्यावर मांडून ठेवले. जाकीट खांद्यावर टाकलं आणि गाडी घेऊन निघून गेला. गाडीत मागे जागा होती. मी पाहिली.

मित्रांनो, हंगाम संपला की आपल्या पिशव्या पूर्ण रित्या करा. सावलीत वाळवा. घडी दरवेळी वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर तडा जातो. आणि एखाद्या दिवशी लाट कमी उठली, तर पिशवीला लाथ मारण्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला एवढंच विचारा, की बाबा, बरा आहेस ना?

मी अजून धक्क्यावरच आहे. रिकामी आहे, त्यामुळे वारा सुटला की उडून गेले असते. पण चाळीस पौंड शिसं अजून माझ्यावर आहे. बोटीला जड करणं हा माझा धंदा होता. आता मला जागेवर ठेवायलाच वजन लागतं.