हातभर अंतर

घोड्याला खेटून उभं राहावं, हे नालबंदाला पहिल्याच दिवशी शिकवतात. खांदा त्याच्या अंगाला टेकलेला असला तर लाथेचा नुसता धक्का बसतो. हातभर लांब राहिलं की तीच लाथ हाड मोडते. केंटकीच्या तबेल्यांत मी सव्वीस वर्षं असाच खेटून उभा राहिलो. दोन बोटं मोडली, एक गुडघा गेला, पण भीती कधी वाटली नाही. दवाखान्याचा विमा होता.

हौसेने घेतला नव्हता. आधी बायकोच्या हट्टापायी, नंतर नसला तर सरकार टॅक्सबरोबर दंड लावायचं म्हणून, शिव्या घालत भरायचो. मग कळलं, दोन हजार एकोणीस सालापासून दंड नाही. मला वाटलं, सुटलो. नव्या वर्षाचा विमा घ्यायची डिसेंबरातली मुदत मुकाट्याने जाऊ दिली आणि बायकोला, नेडीनला, सांगितलं, "भरला." ती मुदत वर्षातून एकदाच येते, म्हणजे आता वर्षभर विमा मिळणार नव्हता. माझ्यासारखा शहाणा मीच.

जानेवारीपासून हात घामेजायला लागले. शिंगरू असल्यापासून ओळखीच्या घोड्यांचा मागचा पाय उचलतानाही आधी त्यांचे कान निरखायचो. एक लाथ, आणि दवाखान्याच्या बिलात घर जाईल. रोज हाच विचार, आणि रोज मी बोटभर लांब सरकत होतो.

नेडीन घोड्याचं तोंड धरायला माझ्याबरोबर यायची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"व्हर्लिन, नाल ठोकतोयस का निखारा उचलतोयस?"

"कंबर दुखतेय."

"कंबर कसली? घाबरलायस तू. घोड्यांनाही कळलंय."

कळलंच होतं. मार्चमध्ये आमच्या जुन्या गिऱ्हाईक टॅकेटबाईंच्या करड्या घोडीचा मागचा पाय मी मांडीवर घेतला. तिची कातडी जराशी थरथरली, माशी बसली असेल. मी पाय टाकून मागे उडी मारली. घोडी बिथरली, गर्रकन फिरली आणि तिने नेडीनला लाकडी खांबावर चेपलं. मला ओरखडाही आला नाही.

गाडीत ती डाव्या बरगडीखाली हात दाबून बसली होती. "श्वास पुरत नाही रे. दवाखान्यात चल. कार्ड पर्समध्ये आहे."

कार्ड गेल्या वर्षीचं होतं.

"विमा भरलायस ना?"

खरं सांगितलं असतं तर ती चालत्या गाडीतून उतरली असती. तिच्या आईचं घर अशाच बिलापायी गेलं होतं. "माझ्यापायी घर घालवलंस तर बघ," असं ती हसत म्हणायची. ते हसणं आठवलं आणि मी गाडी आणखी जोरात हाणली.

"भरलाय," मी म्हणालो.

दवाखान्याच्या दारातच तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं. खिडकीतल्या मुलीने कार्डावरचा नंबर टाकला. पुन्हा टाकला. "हा विमा डिसेंबरातच संपलाय," ती म्हणाली.

नेडीनने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "घरी चल," एवढंच बोलून ती खुर्चीतून उठायला लागली. ओठ पांढरे पडले होते.

"बस, नेडीन."

"घर जाईल, व्हर्लिन."

"जाऊ दे."

ती उठतच होती. मी खेटून वाकलो, खांदा तिच्या खांद्याला लावला आणि तिला खुर्चीत दाबून धरलं. ती मला ढकलत राहिली. मग ढकलण्यातला जोर कमी होत गेला. शेवटी तिचा हात माझ्या छातीवर नुसताच टेकलेला राहिला, थंडगार, आणि मी डॉक्टरांसाठी ओरडायला लागलो.